जुन्या गाडीला रंग काढताना

आमच्या भोर-वेल्ह्याच्या भागात पावसाळा सरत आला की दोन गोष्टींची चर्चा हमखास सुरू होते. एक भाताच्या लोंबीची आणि दुसरी गाडीच्या रंगाची. चार महिने चिखलात, धुक्यात आणि पागोळ्यांखाली उभी राहिलेली जीप दसऱ्याच्या तोंडावर अंगणात धुवायला काढली, की तिचं खरं रूप दिसायला लागतं. टपावर पांढरे चट्टे, दारांच्या खालच्या कडेला तांबूस फोड, मडगार्डच्या आत मातीचा थर आणि त्याखाली काय असेल ते देव जाणे. घरातला तरुण मुलगा म्हणतो, "रंग काढून घेऊ, नवी दिसेल." म्हातारा म्हणतो, "त्या पैशात चार टायर येतील." दोघांचंही थोडं थोडं खरं असतं, म्हणून तर भांडण मिटत नाही.

हे भांडण शहरात निराळं आणि आमच्याकडे निराळं. शहरात गाडी दाराशी शोभेला असते असं मी म्हणत नाही, पण ती बंद पडली तर दुसरी सोय असते. वेल्हे तालुका, म्हणजे आताच्या सरकारी नावाने राजगड तालुका, आणि भोरचा पश्चिमेकडचा पट्टा इथं तसं नाही. केळद, पासली, हिरडोशी अशा गावांना एसटी येते आणि जाते, पण मधल्या वेळेत रात्री कुणाच्या पोटात कळ आली, बाळंतपण अडलं, तर गावातली एखादी जीपच नसरापूरचा किंवा भोरचा रस्ता धरते. दूध तिच्यातच जातं, भाताची पोती तिच्यातच, लग्नाचं वऱ्हाडही तिच्यातच. अशा गाडीवर तीस-चाळीस हजार रुपये घालायचे की नाही, हा हौसेचा प्रश्न राहत नाही. तो घराच्या वर्षभराच्या हिशेबाचा होतो.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर एकच रंग नसतो, एकावर एक चार-पाच थर असतात. उघडा पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटचा बारीक लेप चढवतात. मग सगळा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर बसवतात. वीज खेळत असल्यामुळे हा थर दाराच्या आत, खांबांच्या पोकळीत, जिथं फवारा पोचत नाही तिथंही जातो. त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग आणि शेवटी काचेसारखा पारदर्शक थर, त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी होते साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे आपल्या डोक्याच्या एक-दोन केसांएवढी. आणि ते मोठ्या भट्टीत भाजलेले असतात. खालचे थर दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तापमानाला. त्या वेळी गाडीत ना गादी असते, ना वायर, ना रबर, म्हणून ते जमतं.

पुढे दहा-पंधरा वर्षांनी गाडी आपल्या गॅरेजात येते, तेव्हा ती पूर्ण संसारासकट येते. तिला भट्टीत घालता येत नाही. शहरातल्या चांगल्या रंगशाळेतही फार तर साठ-सत्तर अंशांची ऊब देतात आणि आपल्याकडे तर उन्हावर सोडतात. सांगायचा मुद्दा असा की, कारखान्याचा रंग जिथं धड आहे, नुसता मलूल झालेला आहे, तिथं तो खरवडून नवा चढवणं म्हणजे भाजलेली वीट काढून कच्ची बसवण्यासारखं आहे. रंगारी कितीही कसबी असला तरी त्या पहिल्या थरासारखा थर त्याला हाताने देता येत नाही.

रंग मलूल आहे की मेला आहे, हे घरच्या घरी कळतं. गाडी धुऊन, वाळवून एका कोपऱ्यात मऊ फडक्याने थोडं पॉलिश घासा. फडक्याला गाडीचाच रंग लागला, तर वर क्लिअर कोट नाही, रंगाचाच थर उघडा आहे. जुन्या जीपा बहुतेक अशाच. उन्हाने त्याची वरची साय पांढरी पडते, पण खाली रंग शिल्लक असतो. रबिंग कंपाउंडने घासला की पुन्हा उजळतो. एक दिवसाची मेहनत आणि काही शे रुपये. फडकं कोरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे, आणि तो नुसता धुरकट झाला असेल तर तोही घासून उजळतो. मात्र टपावर आणि बॉनेटवर त्याचे पापुद्रे सुटत असतील, कात टाकल्यासारखे, तर कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही. तेवढे भाग रंगवावेच लागतात. तेवढेच, सगळी गाडी नाही. टप आणि बॉनेट आभाळाकडे तोंड करून असतात, सगळं ऊन तेच खातात. बाजूच्या पत्र्यांना त्यांच्याबरोबर शिक्षा कशाला?

आता खरा शत्रू. तो ऊन नव्हे, गंज. आमच्याकडे घाटमाथ्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणं यात नवल नाही. कापूरहोळला कोरडं असतं तेव्हा वरंधच्या बाजूला चार हातांवरचं दिसत नाही. लोखंडाला पाणी आणि हवा एकदम मिळाली की गंज धरतो, हे शाळेत शिकलो. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की, गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. रंगाखाली एक टाचणीएवढी जागा उघडी पडली, की तिथं गंज फुगतो, फुगून शेजारचा रंग उचलतो, उचललेल्या रंगाखाली पुन्हा पाणी शिरतं. म्हणून बाहेरून दिसतो तो फोड रुपयाएवढा आणि आत पोकळी बशीएवढी.

आमच्या लहानपणी आळीत कल्हईची भट्टी लागायची. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने आतून स्वच्छ घासायचा, धुराचा लोट उठायचा आणि मग कथलाचा तुकडा फिरवला की भांडं चांदीसारखं व्हायचं. आम्हा पोरांचं लक्ष त्या चमकेकडे. त्याचं लक्ष मात्र घासण्याकडे. भांड्यात एवढासा मळ राहिला तरी तिथं कथील धरत नाही, आणि कथील न धरलेल्या जागी ताक-आमटी कळकते. कल्हई शोभेसाठी नव्हतीच, पोटात विष जाऊ नये म्हणून होती. गाडीच्या रंगाचंही मला असंच दिसतं. गंजावर रंग मारणं म्हणजे मळावर कल्हई. सहा महिने चांदी दिसेल, पुढच्या आषाढात फोड वर येईल.

म्हणून गाडीला रंग काढायचा का, हे ठरवायला गाडीच्या समोर उभं राहू नका. गुडघे टेकून खाली बघा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडे चिखलणीच्या दिवसांत ती मातीने बुजतात, दारात पाणी साठतं आणि दार आतून कुजतं. बारीक तारेने ती भोकं मोकळी करणं ही गाडीची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, आणि ती करणारे फार थोडे. मग पायरीचा पत्रा, पायाखालची चटई उचलून तिच्याखालचा तळ, मडगार्डच्या आतली कड, मागच्या फळक्याचे बिजागर. गंजलेल्या जागी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबा. टण्ण वाजलं तर गंज वरवरचा आहे. टोक आत गेलं तर तिथं पत्रा उरलेला नाही, तिथं रंगाचा विषय संपला, वेल्डिंगचा सुरू झाला. खिशात एक लहानसं लोहचुंबक ठेवा. जुनी गाडी विकत घेतानाही ते कामाला येतं. चांगल्या पत्र्याला ते चटकन चिकटतं. जिथं पोचा भरायला जाडजूड लांबी, म्हणजे पुट्टी, थापलेली असते तिथं ते घसरून पडतं. ताजा चकचकीत रंग असलेल्या जुन्या गाडीपाशी तर मी आधी चुंबक काढतो आणि मग तोंड उघडतो.

चासी ही तर सगळ्यात शेवटी दिसणारी आणि सगळ्यात आधी बघायची गोष्ट. तिच्या जोडांशी गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर वरच्या रंगाचा विचारच सोडावा. घराचा वासा किडलेला असताना भिंतीला डिस्टेंपर लावण्यातला तो प्रकार आहे.

तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका गावात माझे एक स्नेही आहेत. त्यांची जीप सोळा-सतरा वर्षांची. मुलाला ती पुरी रंगवायची होती, तीही काळ्या रंगात, तिकडे पर्यटक वाढल्यापासून पोरांना तसल्या गाड्यांची ओढ लागली आहे. वडिलांना ती विकायची होती आणि विकण्याआधी रंग दिला तर चार पैसे जास्त येतील असा त्यांचा हिशेब होता. आम्ही तिघांनी मिळून ती जीप उताराला लावून खालून-वरून पाहिली. चासी ठणठणीत. इंजिनचं काम दोनच वर्षांपूर्वी झालेलं. बॉनेटचा रंग उडालेला, पण पत्रा खणखणीत. डाव्या बाजूची पायरी मात्र बोटाने दाबली तर आत जात होती आणि मागच्या तळाला चटईखाली तळहाताएवढं भोक पडलेलं. शाळेची पोरं बसतात नेमकी तिथंच.

तिथं आमचा निर्णय आपोआप झाला. पायरी आणि तळ कापून नवा पत्रा जोडला. दारांच्या खालच्या कडा पत्रा लागेपर्यंत घासल्या, त्यावर गंजरोधक प्रायमर, वर रंग. चासीला आणि तळाला खालून काळा लेप. बॉनेट नुसतं कंपाउंडने घासून ठेवलं. संपूर्ण रंगाचा जो अंदाज गॅरेजवाल्याने दिला होता, त्याच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं. मुलगा नाराज होता, कारण गाडी अजून जुनीच दिसत होती. वडील विकायचं विसरून गेले.

विकण्यासाठी रंग काढणं हे मला कधीच पटलेलं नाही. समजा, गाडीची बाजारातली किंमत दीड लाख आहे आणि तुम्ही चाळीस हजार रंगावर घातले. घेणारा एक लाख नव्वद हजार देणार नाही. उलट जाणता घेणारा विचारेल, रंगाखाली काय लपवलं? जुना, मळका पण मूळचा रंग हा गाडीच्या प्रामाणिकपणाचा दाखला असतो. विकायची असेल तर स्वच्छ धुवा, घासून पुसा, कागद नीट लावा आणि आहे तशी दाखवा. रंगाचे पैसे परत मिळतात ते वापरातून. चाळीस हजारांचा रंग काढून गाडी आठ वर्षं चालली तर वर्षाला पाच हजार पडले. दोनच वर्षं चालणार असेल तर वर्षाला वीस. म्हणून रंगाऱ्याला भाव विचारण्याआधी इंजिनाच्या मिस्त्रीला विचारावं, अजून किती वर्षं?

आणि मिस्त्रीइतकंच आर. टी. ओ.च्या कागदालाही विचारावं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्याची फी मोटारीला पूर्वी 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली. दुचाकीची 300 ची 1,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढवली, मोटारीला 10,000 आणि दुचाकीला 2,000. शिवाय पर्यावरण कर वेगळा. भाड्याने चालणाऱ्या गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. तेव्हा चौदाव्या वर्षी रंगावर मोठा खर्च करायचा आणि पंधराव्या वर्षी कागदांसाठी हात आखडायचा, असं होऊ नये. पासिंगच्या आधी गाडी रंगवून नेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. गाडी नीटनेटकी असावी हे ठीक, पण चकचकीत मडगार्डमुळे ब्रेक लागत नाहीत. पैसे एकाच ठिकाणी घालण्यापुरते असतील, तर घाटात उतरणाऱ्या गाडीचे ते ब्रेकवर आणि टायरवरच जावेत. म्हाताऱ्याचं ते टायरचं म्हणणं इथं सोळा आणे खरं.

रंग बदलायचा असेल तर आणखी एक गोष्ट. गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावर लिहिलेला असतो. आहे तोच रंग पुन्हा दिला तर कुणाला विचारायला नको. पांढऱ्याची काळी केली, तर तशी नोंद करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. नाहीतर अपघाताच्या वेळी कागदावरची गाडी एक आणि रस्त्यावरची दुसरी. राजगड-तोरण्याला येणाऱ्या हौशी मंडळींचं पाहून आमच्या पोरांनाही लष्करी हिरव्या रंगाची भुरळ पडते. तो ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या 121 व्या नियमाने फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. इतरांनी तो लावायचाच नाही. शिवाय रंग बदलायचा तर दारांच्या आतल्या कडा, बॉनेटखालचा भाग, सगळंच रंगवावं लागतं. खर्च बराच वाढतो, आणि ते वाचवलं तर दार उघडल्याबरोबर गाडी आपलं जुनं नाव सांगते.

रंगाच्या जातींबद्दल थोडं. आपल्याकडे फवाऱ्याच्या रंगाला अजून "ड्यूको" म्हणतात. ते एका अमेरिकन कंपनीच्या रंगाचं व्यापारी नाव. 1924 च्या ओकलँड मोटारींवर तो पहिल्यांदा वापरला गेला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, तो तासांवर आला. त्या जातीचा रंग चटकन वाळतो, पण ऊन फार सोसत नाही. ब्रशने मारायचा सिंथेटिक इनॅमल स्वस्त, तळाला आणि चासीला ठीक, टपावर लवकर पांढरा पडतो. हल्ली चांगलं काम म्हणजे पी. यू., हार्डनर घालून मारायचा रंग. तो कडक होतो, चमक टिकते.

पण या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्यं असतात. फवाऱ्याच्या धुक्यातून ती छातीत गेली तर दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे नुसत्या वासानेही उसळतो. आपण गाडी रंगायला टाकतो त्या पत्र्याच्या शेडमध्ये फवारा मारणारा पोरगा बहुतेक वेळा सतरा-अठराचा असतो आणि नाकाला रुमाल बांधलेला असतो. रुमाल यातलं काही अडवत नाही. साधा धुळीचा मास्कही नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा हवा, आणि तो नसेल तर ते काम तिथं होऊ नये. जुना रंग घासतानाही तेच. कोरडा घासला की त्यातली शिशासारखी द्रव्यं धुळीबरोबर उडतात. वॉटर पेपरने, पाणी मारत घासला तर धूळ उडत नाही. रंगाचा भाव करताना आपण शंभर-दोनशेसाठी घासाघीस करतो. त्यातच एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे, पोराच्या तोंडाला काय लावता? मी विचारतो. दोन ठिकाणी मला हसले, तिसऱ्या ठिकाणी मालकाने कपाटातून मुखवटा काढून दाखवला. गाडी अर्थातच तिथं टाकली.

कवी माणसाला गाडीच्या मागचं लिखाण वाचायची खोड असते, त्यामुळे जाता जाता हेही सांगतो. पूर्वी गाडी रंगवली की शेवटी नाव काढणारा येई. आईचं नाव, कुलदैवत, पिराचं नाव, धाकट्या लेकीचं नाव, ब्रशने, एका श्वासात. आता रेडियमच्या पट्ट्या चिकटवतात. तुमच्या गाडीवर असं जुन्या हाताचं अक्षर असेल आणि तिथला पत्रा धड असेल, तर रंगाऱ्याला तेवढा चौकोन कागद लावून झाकायला सांगा. नव्या रंगात जुनं अक्षर थोडं विशोभित दिसेल. दिसू द्या.

राहिला मुहूर्त. सगळ्यांना गाडी दसऱ्याच्या पूजेला रंगवून हवी असते, आणि आमच्या भागात रंगाला त्याहून वाईट वेळ नाही. परतीचा पाऊस डोक्यावर असतो, हवा ओली असते. ओल्या हवेत मारलेल्या रंगावर पांढरट झाक धरते, आणि घासलेल्या पत्र्यावर प्रायमर पडायच्या आत पुन्हा गंजाची बारीक तांबूस साय येते. दसऱ्याला हार घाला, पेढा ठेवा, आणि गाडी गॅरेजला न्या ती दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर. तेव्हापासून महाशिवरात्रीपर्यंत हवा कोरडी असते आणि उन्हाळ्यातली धूळही सुरू झालेली नसते. पत्रा उघडा केला त्याच दिवशी प्रायमर मारायला सांगा, उद्यावर ठेवू देऊ नका. लांबी भरण्याआधी एकदा जाऊन बघून या, कारण ती भरल्यावर बघण्यासारखं काही उरत नाही. रंग झाल्यावर महिनाभर पॉलिश-मेण लावू नका, साध्या पाण्याने धुवा, आंब्याखाली उभी करू नका, चीक आणि पाखरांची विष्ठा दोन्ही नव्या रंगाला खातात. आणि रंगाऱ्याकडे उरलेला रंग मागून घ्या. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, वर रंगाचा नंबर लिहून सावलीत ठेवा. पहिल्या खडीच्या रस्त्यावर पहिला टवका उडेल तेव्हा बारीक ब्रशने तेवढ्या जागी लावायला तो लागणारच आहे.